कॉलेजातील समुपदेशन : मुलांनी घ्यावे, पालकांनी घेऊ द्यावे

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



प्रथम यशस्वी विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करते. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या आई-वडिलांचे तर दुप्पट अभिनंदन. संयोजकांनी मला 'पुढील शिक्षणाच्या वाटा' असा विषय सुचविला होता. परंतु वाटा कोणत्या आहेत हे सांगणारे आज पुष्कळ आहेत. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या आहेत, वर्तमानपत्रात पुरवण्या आहेत, मोबाईलवर तर माहितीचा पूर आहे. वाटेवर चालताना पाय अडखळला, मन थकले, तर कोणाकडे जायचे हे सांगणारे मात्र थोडेच. म्हणून संयोजकांच्या परवानगीने मी विषय थोडा बदलून घेतला आहे. कॉलेजात समुपदेशकाची सोय असते, तिचा उपयोग विद्यार्थ्यांनी कसा करावा आणि पालकांनी तो का करू द्यावा, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

मी काही या विषयातील तज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून लागले. परंतु शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे काम केले आहे. त्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. एकीवर वडील किंवा आई बसते, दुसरीवर मुलगा किंवा मुलगी. कर्ज मुलाच्या नावाने असले तरी पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. सही करताना वडील हमखास म्हणतात, "मॅडम, आमच्या घरातला कॉलेजात जाणारा हा पहिलाच." हे बोलताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुललेला असतो. त्या वेळी मुलाकडे पाहावे. तो बहुधा खाली मान घालून बसलेला असतो.

याचे कारण मला पुष्कळ दिवसांनी उमगले. टेबलावर जे कर्ज लिहिले जाते ते एक, आणि न लिहिलेले दुसरेच एक कर्ज त्या मुलाच्या डोक्यावर असते. आईने मोडलेले मंगळसूत्र, मोठ्या भावाने अर्धवट सोडलेले शिक्षण, बहिणीचे पुढे ढकललेले लग्न, वडिलांनी घेतलेली जादा पाळी, हे सगळे त्याच्या खात्यावर जमा असते. बँकेच्या कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतो. घरच्या या कर्जाला तशी सवलत नसते. ते पहिल्या दिवसापासून मनावर चढत जाते.

आता असा मुलगा पुण्या-मुंबईला किंवा जिल्ह्याच्या गावी शिकायला गेला. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. तास इंग्रजीत चालतो, अर्धे डोक्यावरून जाते. खोलीतील इतर मुले हसतात. रात्री झोप लागत नाही. अशा वेळी घरून फोन येतो, "कसं चाललंय बाळा?" तो काय सांगणार? तो म्हणतो, "चांगलं चाललंय." हे खोटे तो आई-वडिलांवर प्रेम नाही म्हणून बोलत नाही. प्रेम फार आहे, त्यांनी सोसलेले त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणूनच बोलतो. ज्यांचे आपण इतके देणे लागतो त्यांच्यापुढे "मला जमत नाही" हे तीन शब्द उच्चारणे जगातील सर्वांत कठीण काम आहे.

मित्रांना सांगावे तर मित्रही त्याच परीक्षेला बसलेले असतात. प्राध्यापकांना सांगावे तर त्यांच्याच हातात गुण असतात. नातेवाइकांना सांगावे तर संध्याकाळपर्यंत वस्तीभर होते. म्हणून एक असा माणूस हवा की ज्याचे आपण काही देणे लागत नाही, ज्याच्या हातात आपले गुण नाहीत, जो आपल्या घरी येत-जात नाही, आणि ऐकणे व ऐकलेले स्वतःपाशी ठेवणे हेच ज्याचे काम आहे. कॉलेजातील समुपदेशक तो माणूस असतो. माझ्या भाषणाचा सारा मथितार्थ एवढाच आहे. पुढे जे सांगणार आहे ते त्याचे स्पष्टीकरण समजावे.

आमच्या वेळी, म्हणजे १९९० नंतरच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजात होते तेव्हा, समुपदेशक हा शब्दही आमच्या कानावर आलेला नव्हता. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत खेड्यातून आलेली एक मुलगी होती. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, विज्ञान शाखेला प्रवेश घेतलेला. पहिले तीन महिने ती प्रत्येक शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहून वहीत लिहीत असे. नंतर वही बंद झाली. नंतर जेवणाच्या पंगतीत येणे बंद झाले. दिवाळीला घरी गेली ती परत आली नाही. जानेवारीत हजेरीपटावरचे तिचे नाव कमी झाले. ती आजारी आहे का, पैशाची अडचण आहे का, की आणखी काही आहे, हे विचारणे ज्याच्या कामात बसेल असा माणूसच त्या संस्थेत नव्हता. बुद्धीने ती आमच्यापैकी कोणाहूनही कमी नव्हती.

आज परिस्थिती पालटली आहे, निदान कागदावर तरी पालटली आहे. संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्यात दिला आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, असेही हा कायदा सांगतो. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे, अशी तरतूद त्यात आहे.

त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. तिच्या वडिलांनी न्यायासाठी दाद मागितली होती. त्या निकालात न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि स्वतंत्र कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावेत, आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळकपणे लावावेत, असे त्यात आहे. म्हणजे समुपदेशक ही आता कॉलेजची मेहेरबानी राहिलेली नाही. ग्रंथालयात पुस्तक मागायला आपण लाजत नाही, तसेच हे.

हे सर्व कशासाठी करावे लागले? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि राज्यवार पाहता त्यात आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक विकारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. ताप आलेल्या शंभरांपैकी पंच्याऐंशी जण औषधाविना घरी पडून राहिले, तर आपण स्वस्थ बसू का?

आता समुपदेशन म्हणजे नेमके काय ते पाहू. या शब्दात 'उपदेश' हा शब्द आहे, त्यामुळे पुष्कळांची गैरसमजूत होते. मुलांना वाटते, तिथेही कोणीतरी लेक्चर झोडणार. वस्तुतः चांगला समुपदेशक उपदेश करीतच नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० नंतर असा विचार मांडला की, समोरच्या माणसाला त्याच्या बाजूने समजून घेऊन, त्याला दोष न देता नीट ऐकले, तर त्याची वाट त्याला स्वतःलाच सापडू लागते. आजच्या समुपदेशनाचा तो एक पाया आहे. दुसरा मोठा विचार अल्बर्ट एलिस यांचा. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली हट्टी समजूत आपल्याला अधिक छळते, असे त्यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडले. "मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर मी कुचकामी" ही हट्टी समजूत. "पहिला वर्ग मिळाला तर फार चांगले, त्यासाठी मी झटेन, पण नाही मिळाला तरी माझी माणूस म्हणून किंमत शून्य होत नाही" हा विवेकी विचार. पहिल्या वाक्यातून दुसऱ्या वाक्याकडे जायला कोणीतरी हाताला धरून न्यावे लागते. हे काम दोन-चार भेटींत शिकता येते.

येथे तीन माणसांतला फरक लक्षात ठेवावा. समुपदेशक बोलण्यातून मदत करतो, औषध देत नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हा त्यापुढचे विशेष प्रशिक्षण घेतलेला असतो, चाचण्या घेऊ शकतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि गरज असेल तर तोच औषध देतो. समुपदेशकाने डॉक्टरकडे पाठविले तर घाबरून जाऊ नये. गल्लीतील दवाखान्याच्या डॉक्टरांनी तपासून मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, तर आपण ती फाडून टाकतो का?

पहिल्या भेटीत काय होते, याची भीती अनेकांना असते. म्हणून साधेपणाने सांगते. आधी वेळ ठरवून जावे. एक लहानसा अर्ज भरून घेतात. नंतर खोलीत तुम्ही आणि समुपदेशक असे दोघेच. भेट साधारण पाऊण तासाची. सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर "मला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही" एवढे वाक्य पुरते. पुढचे विचारणे हे त्यांचे काम. मराठीतून बोलायचे असेल तर तसे निःसंकोच सांगावे. दुःख सांगताना इंग्रजीचे व्याकरण सांभाळायची काही गरज नाही. मुलींना स्त्री समुपदेशकाजवळ बोलणे सोपे वाटत असेल तर तसे विचारावे. एका भेटीत सर्व सुटत नाही. तीन-चार भेटी द्याव्यात आणि तरीही सूर जुळला नाही तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न गुप्ततेचा. मी बँकेतील असल्यामुळे मला तो चांगला समजतो. तुमच्या खात्यावर किती शिल्लक आहे हे मी तुमच्या शेजाऱ्याला सांगत नाही. तुमचा सख्खा भाऊ आला तरी सांगत नाही. समुपदेशकाचेही तसेच असते. तुमचे बोलणे गुणपत्रिकेवर येत नाही, शाळा-कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर येत नाही. मात्र बँकेला जसे कायद्याच्या काही प्रसंगी माहिती द्यावी लागते, तसे येथेही अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अथवा अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर समुपदेशकाला योग्य ठिकाणी कळवावे लागते. अकरावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमतीही मागितली जाते. या मर्यादा पहिल्याच भेटीत विचारून घ्याव्यात. चांगला समुपदेशक त्या स्वतः होऊनच सांगतो.

मग जायचे केव्हा? बँकेत एक नियम आहे. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की ते खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचे ठरते. आमचा अनुभव असा की, जो माणूस पहिला हप्ता चुकताच येऊन "अडचण आहे" असे सांगतो, त्याच्यासाठी काही ना काही मार्ग निघतो. जो फोन उचलत नाही, पत्राला उत्तर देत नाही, त्याचे प्रकरण अवघड होते. मनाचेही असेच आहे. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल किंवा उठवतच नसेल, जेवण जात नसेल, तासाला बसावेसे वाटत नसेल, आवडत्या गोष्टींत मन रमत नसेल, कारण नसताना रडू येत असेल किंवा चीड येत असेल, दारू-गुटख्याकडे हात जात असेल, तर थांबू नये. आणि जगून काय उपयोग असा विचार एकदा जरी मनात आला, तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. तो विचार येणे हा गुन्हा नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. मदत घेण्याची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या टेबलावर आलेल्या एका मुलाची गोष्ट त्याच्याच परवानगीने सांगते. नाव, गाव, कॉलेज सांगणार नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा एकटाच आला आणि म्हणाला, "मॅडम, कर्जाचा पुढचा हप्ता उचलला नाही तर वडिलांना पत्र जाईल का?" मी खाते पाहिले. पुढची फी सोडण्यासाठी मागील गुणपत्रिका जोडावी लागते, ती त्याने दिलेली नव्हती. चार विषय राहिले होते आणि दोन महिन्यांपासून तो तासाला गेलेला नव्हता. घरी ठाऊक नव्हते. मी नियम सांगितला की वडील सहकर्जदार आहेत, पुढेमागे त्यांना कळणारच. मग विचारले, "तुमच्या कॉलेजात समुपदेशक आहेत ना?" तो म्हणाला, "मी काय वेडा आहे का?" मी म्हटले, "वेडा असतास तर नियम विचारायला इथपर्यंत आला नसतास. तू अडचणीत आहेस. अडचणीतल्या माणसासाठीच ती खोली आहे."

तो गेला. काही चमत्कार घडला नाही हे मुद्दाम सांगते. पहिल्या दोन भेटी तो नुसता बसून राहिला. तिसऱ्या भेटीत बोलला. समुपदेशक बाईंनी त्याच्याकडून चार विषयांची यादी करून घेतली, त्यांतले दोनच विषय आधी घ्यायचे ठरविले, वर्गशिक्षकांची गाठ घालून दिली. वडिलांना कसे सांगायचे याची त्याच्याकडून अक्षरशः तालीम करून घेतली. सहाव्या भेटीला वडील आले आणि त्या खोलीत, त्या बाईंच्या समोर, मुलाने सर्व सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं काय झालं." त्या मुलाचे एक वर्ष गेले. पण तो पास झाला, नोकरीला लागला, आता त्याच्या कर्जाचे हप्ते वेळेवर येतात. वडिलांच्या ज्या रागाला तो सहा महिने भीत होता तो राग मुळात नव्हताच. परंतु हे कळायला मध्ये एक तिसरा माणूस लागला.

आता एका नाजूक परंतु आपल्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळते. प्रत्येक त्रास मनातून निर्माण होत नाही. काही त्रास बाहेरून दिला जातो. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात "तुला प्रवेश परीक्षेत किती मार्क होते?" असे विचारणाऱ्याला मार्कांशी कर्तव्य नसते, त्याला जात काढायची असते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी गेली. या दोघांच्या मातांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्ध २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्याआधी दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाच्या तक्रारी तपासण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि तिने २००७ साली अहवाल दिला होता.

म्हणून मुलांनो, नीट ध्यानात ठेवा. कोणी अपमान केला तर त्यावर "दुर्लक्ष करायला शिका" एवढाच सल्ला पुरेसा नाही. समुपदेशक तुमच्या मनाला बळ देईल, झोप परत आणील, पण अपमान करणाऱ्याला जाब विचारणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी वेगळी जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समानतेविषयीचे नियम केले. समान संधी कक्ष आणि भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा असे त्यात सांगितले. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळा कक्ष असतो. रॅगिंगविरोधी समिती असते. तारीख, वेळ, साक्षीदार यांची नोंद ठेवून तेथे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. समुपदेशन हा एक पाय आणि तक्रार हा दुसरा. दोन्ही पायांवर चालावे. एखादा समुपदेशक तुमच्या अपमानाला "तुझ्या मनाचे खेळ" म्हणू लागला, तर खुशाल समुपदेशक बदलावा.

पैशाच्या बाबतीतही असेच. शिष्यवृत्ती अडकली, मेसचे पैसे थकले, की अभ्यासात मन लागत नाही. शिष्यवृत्ती समुपदेशक मंजूर करू शकत नाही. परंतु कोणती काळजी पैशाची, कोणती अभ्यासाची आणि कोणती मनाची, हे वेगवेगळे करून दाखवतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी समाज कल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, ती अनेकांना माहीतच नसते. सगळ्या काळज्यांचा एक गोळा झाला की तो उचलत नाही. सुटा केला की अर्धा भार दुसरीकडे देता येतो.

ज्यांच्या कॉलेजात अजून समुपदेशक नाही, त्यांनी प्राचार्यांकडे तसा लेखी अर्ज करावा, शक्य तर पाच-दहा जणांनी मिळून करावा. तोपर्यंत केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून फोनवर समुपदेशन करीत आली आहे. ठाण्याची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करता येते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. तेथे नुसता सल्ला घ्यायला गेलेला माणूस आत ठेवला जातो, ही समजूत चुकीची आहे.

आता शेवटी पालकांशी दोन शब्द. बंधू-भगिनींनो, तुमचे पोर समुपदेशकाकडे जाते असे कळले तर "आम्ही मेलो होतो का?" असे म्हणू नका. ते तुम्हाला सोडून परक्याकडे गेले असे मानू नका. तुमच्याकडे येण्याची हिंमत गोळा करायला ते तिथे गेले आहे. "आम्ही तुझ्यासाठी किती केले" हे वाक्य रोज ऐकवू नका. ते त्याला पाठ आहे, आणि तेच त्याची जीभ बांधून ठेवते. अंगारे-धुपारे, भगत यांच्या नादी लागू नका. आणि फोनवर "अभ्यास कसा चाललाय" याच्या आधी "जेवलास का, झोप लागते का, कोणी मित्र झाले का" हे विचारा. निकालाच्या दिवशी एक वाक्य न चुकता बोला, "काहीही लागलं तरी घरी ये." या वाक्याला खर्च काही नाही.

आपल्या मंडळालाही माझी एक नम्र विनंती आहे. सत्कार घेऊन ही मुले जूनमध्ये चार दिशांना जातील. त्यांच्या हाती प्रशस्तिपत्राबरोबर एक छापील कार्ड द्यावे. त्यावर १४४१६ हा क्रमांक असावा, समाज कल्याण कार्यालयाचा पत्ता असावा, आणि आपल्यापैकी दोन अशा जाणत्या व्यक्तींची नावे असावीत, की ज्यांना रात्री अपरात्री फोन केला तरी त्या रागावणार नाहीत आणि वस्तीत वाच्यता करणार नाहीत. पुढच्या दिवाळीत, सहा महिने झाल्यावर, प्रत्येक मुलाची एकदा विचारपूस करावी. कोणाचे नाव हजेरीपटावरून कमी व्हायच्या आत आपल्याला कळले पाहिजे. या कामासाठी मी माझे नाव आजच देते. दुसरे नाव कोणीतरी द्यावे.